शिंदेंची सुट्टी

बोईसरच्या आमच्या फॅक्टरीत मेंटेनन्सवाल्यांना बसून गप्पा मारायला वेळ कधीच नसतो. तरी किस्से साठतातच, फिल्टरमध्ये गाळ साठावा तसे. आणि गंमत म्हणजे त्यातले बहुतेक सुट्टीचे, आरामाचे. जे मिळत नाही, त्याच्याच गोष्टी जास्त!

*

फिटर शिंदे मूळचे साताऱ्याचे. शुक्रवारी आमची फॅक्टरी बंद. अशाच एका शुक्रवारी शिंदे डबा घेऊन गेटवर हजर!

वॉचमन म्हणाला, "शिंदेजी, आज तो छुट्टी है!"

"माहितीये रे," शिंदे म्हणाले. "पण घरी बसलो की बायको विचारते, बरं वाटत नाही का?"

*

आमचे मॅनेजर देशमुख साहेब. बीपीमुळे डॉक्टरांनी त्यांना सक्तीची रजा घ्यायला लावली. साहेब महाबळेश्वरला गेले आणि तिथून व्हिडिओ कॉल! "तो नवा पंप दाखवा."

आम्ही दाखवला. मागून त्यांची मुलगी ओरडली, "बाबा, सूर्य बुडाला!"

"उद्या परत बुडेल गं," साहेब म्हणाले. "हां, पंप गरम होतोय का?"

*

राऊतकाका पालघरजवळच्या माहीमचे, घरची नारळाची वाडी. जेवण झालं की कूलिंग टॉवरमागे तोंडावर टॉवेल टाकून पडायचे. एकदा साहेबांनी पकडलं.

"काका, झोपलात?"

"नाय साहेब, जागा हाय. काय करत नाय, एवडाच!"

साहेब मेमो न देताच परत फिरले.

*

शिंदेंना कामावरच छातीत कळ आली. पालघरच्या हॉस्पिटलात भेटायला गेलो, तर नवरा-बायको गप्पा मारत बसलेले! वहिनी आम्हाला बाहेर सोडायला आल्या.

"लग्नानंतर इतकं बोलणं पहिल्यांदाच झालं," त्या म्हणाल्या. "घरी सोडलं की परत कामावर पळतील."

त्या हसल्या नाहीत. मग आम्हीही हसलो नाही.

*

हॉस्पिटलातून घरी सोडल्यावर राऊतकाकांनी शिंदेंना माहीमच्या वाडीत नेलं. मीही होतो.

"काका, काहीतरी काम द्या. तो गळका पाइप तरी बदलतो."

"बसा."

थोड्या वेळानं, "निदान झावळ्या तरी गोळा करतो!"

"त्या पडल्यान, तुमी पन पडा."

शेवटी शिंदे माडाला टेकले. डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काका, संध्याकाळ एवढी मोठी असते?"

त्यानंतर ते आपणहून वाडीत जायला लागले. वहिनींनाही न्यायचे.

*

मग शिंदे पुन्हा कामावर आले. शटडाउन लागला, म्हणजे प्लांट बंद ठेवून रात्रंदिवस दुरुस्ती. साहेब म्हणाले, "तुम्ही राहू द्या, शिंदे." पण माणसं कमी होती. शिंदे थांबले, आणि साहेबांनीही फार आग्रह केला नाही. त्याच आठवड्यात शिंदे गेले.

कँटीनमध्ये शोकसभा झाली. साहेब बोलायला उभे राहिले, पण "शिंदे..." एवढंच म्हणून त्यांनी हातातला कागद मिटला. मग म्हणाले, "दोन मिनिटं शांत उभे राहू या."

दोन मिनिटं झाली. बसा म्हणायचं ते साहेबांनी, ते काही बोलेनात. लंच संपल्याचा भोंगा वाजला. कुणी हललं नाही. साहेबांच्या खिशातला फोन वाजून वाजून बंद झाला.

कँटीनवाला दबकत पुढे आला. "साब, चाय ठंडी हो रही है."

साहेब डोळे न उघडता म्हणाले, "होऊ दे."