बारावा महिना

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात बास्केटबॉलच्या सरांना दरवर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर मिळायची. बाराव्या महिन्यात ते कागदोपत्री कुणीच नसत. सलग वर्ष भरलं तर माणूस कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून ही सक्तीची सुट्टी. मी याला तेव्हाही फसवणूक म्हणत होते, आजही म्हणते.

सर मात्र त्या मे महिन्यातही सकाळी सहाला ग्राउंडवर हजर. ऊन चढायच्या आत आम्हा मुलींकडून ले-अप, म्हणजे धावत जाऊन बास्केटमध्ये चेंडू टाकणं, घोटून घ्यायचे. शिपाई नाना गेट उघडून दुसरीकडे बघायचे.

"नाना, मी आलोच नाही बरं का," सर म्हणायचे.

"मी तरी कोठे येल शे?" नाना अहिराणीत म्हणायचे, म्हणजे तेही जणू आलेलेच नसत.

मी विद्यार्थी संघटनेत होते, पत्रकं लिहायचे. सरांना कायम करा, असं पत्रक काढलं. त्यात ठळक अक्षरांत छापलं : 'ज्या महिन्यात कॉलेज सरांना ओळखत नाही, त्या महिन्यातही सर मैदानावर घाम गाळतात.' वाक्यावर मी खूश होते. गेटवर उभी राहून स्वतः वाटलं. सरांना विचारलं नव्हतं.

त्याच आठवड्यात कॉलेजकडून सरांना पत्र गेलं. नेमणूक नसताना, परवानगीविना विद्यार्थिनींना मैदानावर बोलावलं, असा ठपका. पुरावा म्हणून माझंच पत्रक टाचलेलं. जूनमध्ये ऑर्डर आली नाही. नानांनाही मेमो मिळाला.

मी सरांच्या घरी गेले. "सर, आपण मोर्चा काढू. हे सगळं खोटं..."

"खोटं कुठंय? बठ्ठं खरं शे त्यामा," सर म्हणाले. "खोटं असतं तर मला नाही म्हणता आलं असतं." मग थांबून म्हणाले, "एकदा विचारायचं होतं."

"तुम्ही छापू नको म्हणाला असता."

"हो."

मोर्चा निघाला नाही. सरांनीच हात जोडले होते.

हिवाळ्यात जळगावला आंतरमहाविद्यालयीन सामने झाले. बेंचवर कोच म्हणून राज्यशास्त्राचे एक प्राध्यापक बसवले होते. ते मोबाइल बघत होते. सर स्वतःच्या खर्चानं एस.टी.नं आले आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी मागे. टाइम-आउट घेतला. प्राध्यापक म्हणाले, "मुलींनो, जोर लावा." एवढंच.

आम्ही सगळ्या वर बघायला लागलो. सर अर्धवट उठले. खाली यायचा, बोलायचा अधिकार फक्त यादीत नाव असलेल्या माणसाला. ते परत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

कॅप्टन माझ्या कानाशी म्हणाली, "तू तरी वर बघू नकोस."