सरड्याची एकादशी

नाचणगावला आमच्या शेजारच्या खोलीत एक कारकून एकटेच राहत. कचेरीतून आले की टोपी खुंटीला अडकवायची आणि फडक्यानं तोंड बांधलेल्या मडक्याला कान लावायचा, ही त्यांची रोजची रीत. त्या मडक्यात त्यांनी रातकिडे पाळले होते. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात सापडलेल्या एका लंगड्या सरड्यासाठी. चिमटीत किडा धरून ते त्याला “घे बाबू” म्हणत, आणि तो घेई.

गळ्यात मात्र तुळशीची माळ. एकादशीला सरडाही उपाशी! बिचारा दिवसभर पिंजऱ्यातून मडक्याकडे बघत राही. एकदा मला राहवलं नाही.

“अहो, त्याला कशाला उपास?”

“गुरुजी, एकादशीले या घरात जीव जात नाई. अन् तो बी याच घरचा हाय ना.”

रातकिड्यांना उपास नव्हता. स्वतःच्या ताटातली भगर ते आधी मडक्यात घालत, मग जेवत.

दुसऱ्या दिवशी पारण्याचं पान वाढून बसत, पण सरड्यानं खाल्ल्याशिवाय घास उचलत नसत. मडक्यात हात घालताना मात्र डोळे घट्ट मिटून घेत. हाताला येईल त्या किड्याला त्यांनी कालच आपल्या ताटातलं वाढलेलं असे.