शेवटच्या पाकिटावरचं तिकीट

चाळिशीतही पोस्टाची तिकिटं जमवणारा सिल्वासात मी एकटाच असेन. बायको म्हणायची, "छंद पोरांचे, सवयी म्हाताऱ्याच्या." दिवसा एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायचो, संध्याकाळी तिकिटं.

सामरवरणीच्या आमच्या चाळीत शेजारी खान्देशातली वहिनी राहायची. तिचा नवरा कुवेतला फिटर. त्याचं पत्र आलं की ती पाकीट माझ्यापुढे धरायची. "घ्या भाऊ, तिकीट माले काय कामाचं?" मी वाफेवर तिकीट सोडवायचो आणि पाकीट परत करायचो. त्या प्रामाणिकपणाचा मला केवढा अभिमान!

मग इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. आपल्या सरकारने विमानं पाठवली आणि एका दुपारी वहिनीचा नवरा अंगावरच्या कपड्यांनिशी दारात उभा राहिला. पासपोर्ट मालकाकडे अडकलेला, इतक्या वर्षांची कमाई तिकडेच. पुढे सरकारने नुकसानभरपाईचे अर्ज मागवले, तेव्हा आम्ही तिघं कचेरीत गेलो.

"लढाई सुरू झाली तेव्हा तुम्ही तिथेच होतात, याचा पुरावा?" कारकुनाने विचारलं.

वहिनीने पत्रांचा गठ्ठा पुढे केला. त्याने पाकिटं उलटसुलट केली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात रिकामा चौकोन आणि कडेला अर्धा शिक्का. गाव आणि तारीख तिकिटासकट माझ्या वहीत.

"पत्र काय, कुणीही लिहील," तो म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वहिनी मात्र पाकिटं गोळा करून पुन्हा गठ्ठा बांधू लागली, त्याचीच जास्त लाज वाटली.

घरी येऊन तिकिटं पुन्हा पाकिटांवर लावायला बसलो. अर्धे शिक्के जुळत गेले. लढाईच्या तोंडावर टाकलेलं शेवटचं पाकीट तेवढं रिकामं राहिलं, आणि पुरावा म्हणून तेच हवं होतं. त्याचं तिकीट अथालच्या एका पुणेकर इंजिनिअरला देऊन मी भूतानचं तिकोनी तिकीट घेतलं होतं.

सायकल काढली. "झालेला सौदा मी मोडत नाही," इंजिनिअरसाहेब म्हणाले. मी सगळं सांगितलं. ते उठले, वही आणली, चिमट्याने तिकीट माझ्या तळहातावर ठेवलं. "भूतानचंही राहू द्या तुमच्याकडे." मी हात जोडणार, तेवढ्यात म्हणाले, "वाफ जास्त दिलीत हो. रंग उडालाय."

पुन्हा कचेरीत गेलो, तेव्हा कारकुनाने डिंकाचे डाग बघून माझ्याकडून लेखी कबुली घेतली: तिकिटं मीच काढली, मीच लावली. सही करताना कान तापले होते.

मंजुरी यायला काही वर्षं गेली. वहिनीचा नवरा कागद नाचवत आला. पत्र दिल्लीहून रजिस्टरने आलेलं, पाकिटावर तिकिटांची रांगच.

"घ्या भाऊ, काढून घ्या तिकिटं."

मी हात मागे घेतले. म्हटलं, "पाकीट अख्खं ठेवा. जपून ठेवा."