जहाजाच्या आधीचं गाव

मूळ गाव कोणतं, असं कोणी विचारलं की आपांचं उत्तर ठरलेलं असे. "हैदराबाद. त्याच्या आधी जहाज. जहाजाच्या आधीचं कोणाले माहीत!" एवढं बोलून त्या पुन्हा इंजेक्शनच्या सुईकडे वळायच्या.

तामसीच्या दवाखान्यात आपा माझ्या वरच्या नर्स होत्या. उंच, काळ्याभोर, डोक्यावर बारीक कुरळ्या केसांचा गच्च टोप. त्यांच्या पणजोबांना लहानपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पकडून आणून विकलं होतं. पुढे ते निजामाच्या घोडदळात लागले. त्यांचं नावसुद्धा विकणाऱ्यानं ठेवलेलं. घरात ना त्यांची बोली उरली, ना कूळ. आदिलाबादच्या बसमध्ये नवा कंडक्टर विचारायचा, "मॅडम, कौनसे देश से?" आपा म्हणायच्या, "तामसीचं तिकीट द्या भाऊ, अन् जरा जागा करून द्या, पाय दुखून राह्यले." अख्खी बस हसायची. त्याही हसायच्या. उतरल्यावर मात्र दवाखाना येईपर्यंत माझ्या पुढे झपझप चालत राहायच्या.

दुसऱ्यांच्या गावांचं त्यांना विलक्षण कुतूहल. गरोदर बाईचं बीपी बघता बघता चौकशी सुरू व्हायची, "माहेर कुठचं? आजोळ? आजीचं माहेर?" एकदा एका म्हातारीनं भैंसा गावापर्यंतचे सारे सोयरे, कुलदैवत, कोणता पणजा कुठून येऊन इथं ज्वारी पेरू लागला, सगळं सांगितलं. आपा बीपीचा पट्टा हातात तसाच धरून ऐकत राहिल्या. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "तुमी लोकं लई श्रीमंत आहा. तुमाले समजत नाही, काऊन की तुमचं कोणी हिसकून नाही नेलं."

त्यांची मुलगी सलमा, तिची सोयरीक मोडली ती केसांवरून. "पोरगी चांगली आहे, पण लेकरांचे केस असेच येतील," असं मुलाच्या आईनं तोंडावर सांगितलं. आपांनी पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मग कप विसळताना म्हणाल्या, "पणजोबाले विकलं त्याले इतकी वर्षं झाली, अन् लोकं अजून भाव करूनच राह्यले."

पुढे सलमा हैदराबादला नोकरीला लागली. थुंकी तपासून पूर्वज कुठले ते सांगतात, असं तिला कळलं आणि तिनं आईसाठी तसली नळी मागवली. आपा नळीत थुंकल्या आणि म्हणाल्या, "पाहू, थुंकीले तरी याद आहे का."

निकालात गाव नव्हतं, एक भलामोठा किनारा तेवढा होता. पण रक्ताची एक दूरची बहीण निघाली. मस्कतची.

सलमानं दोघींचा व्हिडिओ कॉल लावून दिला, तेव्हा मी शेजारीच होते. मस्कतची बाई मोडकंतोडकं हिंदी बोलत होती. आधी दोघी एकमेकींचं कपाळ, कान, बोटं नुसत्या निरखत राहिल्या. मग आपांनी विचारायला तोंड उघडलं, तोच तिकडून प्रश्न आला, "बहन, अपना गाँव कौनसा? तुमको मालूम होगा ना?"

आपा म्हणाल्या, "मैं तो तुमकोच पूछने वाली थी."

दोघी एकदमच हसल्या. मग तिकडच्या बाईनं फोन बहुतेक मांडीवर ठेवला असावा, कारण पडद्यावर बराच वेळ तिच्या घराचं छतच दिसत होतं. आपा त्या छताकडेच बघत बसल्या.

त्यानंतर दर जुम्म्याला फोन व्हायचा. गुडघे, सुना, खिम्यात काय घालतेस, असलंच बोलणं. किनाऱ्याचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही.

निवृत्तीनंतर आपा सलमाकडे राहायला गेल्या आणि गेल्या हिवाळ्यात वारल्या. मी पोचले तेव्हा दफन झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. एक उंच बाई बॅग घेऊन उतरली आणि उंबऱ्याशीच अडखळली. घरातलं कोणीच तिला कधी समोरासमोर भेटलेलं नव्हतं. पण आपांचंच कपाळ, आपांचेच कान असलेला तिचा चेहरा पाहताच आतल्या बायकांनी एकदम पदर तोंडाला लावले. सलमा मावशीला म्हणतात तसं "खाला" म्हणत उठली आणि तिच्या गळ्यात पडली.

मी सलमाशेजारी बसले होते. उठून ती जागा तिला दिली.