वाळवणाच्या मापाचं पुस्तक

ये गं बाई, कागदावर का होईना, जवळ बैस. असली गोष्ट फोनवर घाईघाईत विचारतात का? "आजी, उन्हाळ्यात कसली पुस्तकं वाचायची असतात?" म्हणे. मोबाईलवर कुणीतरी यादी टाकली आणि तू लागलीस तिच्या मागं. पुण्यात राहून एवढी शिकलीस, आणि पुस्तक कोणतं घ्यावं ते यादीला विचारतेस! आमच्या देगलूरच्या गिरणीवाल्या अक्कांना विचारलं असतंस तर त्यांनी उलट तुलाच विचारलं असतं, "आधी सांग, काय वाळवायलीस?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अक्कांची पिठाची गिरणी होती. नवरा लवकर गेला, तेव्हापासून पट्टा चढवण्यापासून जात्याच्या दगडाला टाकी लावण्यापर्यंत सगळं त्याच करायच्या. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि भुवयांवर पीठ. गिरणीच्या फळीवर पुस्तकं रचलेली असायची. लातूरला शिकणारा त्यांचा मुलगा रद्दीतून निवडून आणायचा. दळणाला आलेल्या बाईला अक्का डब्यासोबत पुस्तक द्यायच्या. पानं उलटली की पीठ झडायचं.

त्यांचा हिशोब वेगळाच होता. पावसाळ्यात बाई निंदणीहून थकून येते, त्यात लाईटही जाते, म्हणून तिला चार पानांची गोष्ट. उन्हाळ्यात मात्र घरावरच्या माळवदावर वाळवण राखत बसावं लागतं, तेव्हा पुस्तक वाळवणाच्या मापाचं. उडदाचे पापड असतील तर पातळ, कारण ते दोन घटकांत उचलावे लागतात. कुरडया असतील तर जाड, त्यांना दोन-तीन दिवस ऊन लागतं. "पुस्तकाला कसला आलाय मोसम," म्हणायच्या, "मोसम वाचणारीला असतो."

मी चौथी शिकलेली. लग्नानंतर वाचता येतं हेच विसरत चालले होते. अक्कांच्या पातळ पुस्तकांनी ते परत आलं. एका वैशाखात फळीवर एक जाडजूड कादंबरी दिसली आणि माझा जीव तिच्यात अडकला. घरी तर पापडाचा घाट होता, तेही नणंदेच्या सासरी मुखेडला पाठवायचे. मी सरळ खोटं बोलले, कुरडया घातल्यात म्हणून. अक्कांनी एकवार माझ्याकडं बघितलं आणि पुस्तक डब्यावर ठेवलं.

पुढचं तुला कळलंच असेल. मी सावलीला वाचत बसले आणि पापड उन्हात राहिले. मान वर केली तेव्हा सगळे मुरडले होते. हात लावला की तुकडा. सासूबाई वर आल्या, आधी पापड बघितले, मग पुस्तक. ओरडल्या नाहीत. उद्यापासून दळणाला मी जात जाईन, एवढंच म्हणाल्या. गिरणी बंद म्हणजे पुस्तक बंद.

दुसऱ्या दिवशी गिरणीतून पुढं डबा घेतलेल्या सासूबाई आणि मागोमाग अक्का, अशी वरात घरी आली. अक्कांच्या काखेत स्वतःचं पोळपाट-लाटणं होतं. पदर खोचून नवे पापड लाटायला बसल्या आणि म्हणाल्या, "वैनी, चूक माझी हाय. उडीद मीच दळले होते, पापडच घातलेत हे मला ठाव होतं. तरी जाड पुस्तक दिलं. पोरीचं तोंड बघून न्हाई म्हणवलं न्हाई."

सासूबाईही लाटायला बसल्या आणि मला म्हणाल्या, "एवढं काय हाय गं त्या पुस्तकात? माझे पापड ज्याच्यापायी गेले ते मला कळू तरी दे."

मी वाचायला लागले. त्या दोघी लाटत होत्या, मी वाचत होते. दोघींनाही अक्षर येत नव्हतं. पण मी एक ओळ गाळली की गोष्टीचा धागा तुटायचा आणि अक्का लाटणं थांबवायच्या, आणि चार दिवसांनी सासूबाईही थांबवायला लागल्या. त्यानंतर आमच्या घरी उन्हाळाभर कावळे हाकायची काठी सासूबाईंच्या हातात आणि पुस्तक माझ्या, असंच चाललं. दळणालाही परत मीच.

अक्का म्हातारपणी मुलाकडं लातूरला गेल्या. त्यांची नजरही गेली. मागच्या उन्हाळ्यात मी आठवडाभर जाऊन त्यांना एक कादंबरी वाचून दाखवली. मी दमले की त्या मला पाणी प्यायला लावायच्या, पण पुस्तक मिटू द्यायच्या नाहीत. तरी शेवटची थोडी पानं राहिलीच. येते परत, म्हणून पुस्तक पिशवीत टाकलं आणि एसटीत बसले. आषाढात त्या गेल्या.

ते पुस्तक घरी आहे. खूण होती तिथंच आहे. पुढचं पान एकटीनं उलटवत नाही बघ. तू यादी-बिदी राहू दे. परीक्षा संपली की ये. तू मोठ्यानं वाच, मी ऐकते.