‘व्हय’चा अर्थ कोणी ठरवला?

शुक्रवार : मुलाला ताब्यात घेणारे पोलीस अधिकारी. सोमवार : त्याची समज तपासणारे तज्ज्ञ आणि त्यांचा दुभाषी. गुरुवार : तो अहवाल जसाच्या तसा स्वीकारणारे बाल न्याय मंडळ. आणि मधला रविवार : मी. या यादीतून स्वतःला वगळण्याचा अधिकार मला नाही.

मुलगा माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा नातू. वय सतरा, राहणार सीमाभागातले कंग्राळी. नाव लिहिण्यास कायद्याची मनाई आहे. गावच्या थोराड पोरांनी एका दुकानदाराला कोयत्याने जबर जखमी करून लुटले. हा बाहेर त्यांची मोटारसायकल धरून उभा होता. धर म्हणाले, धरली. अशा गुन्ह्यात मंडळाने आधी पाहायचे असते : कृत्याचे परिणाम कळण्याइतकी मानसिक क्षमता मुलात होती काय? होती असे ठरले, तर खटला प्रौढासारखा चालू शकतो.

रविवारी निरीक्षणगृहात मी त्याला बजावले, “साहेब काय बी विचारू देत, व्हय म्हणायचं. गप्प बसलास तर उर्मट समजतील.”

“व्हय, आप्पा.”

आमच्याकडे थोरांच्या बोलण्याला पोर व्हय, व्हय म्हणते, ते ‘ऐकतोय’ एवढ्याच अर्थाने. हे मला ठाऊक होते. तरीही बजावले.

सोमवारी त्याला विचारले गेले : चूक कळत होती? व्हय. माणूस मरू शकतो, हे माहीत होते? व्हय. दुभाष्याने प्रत्येक व्हयचे कन्नडमध्ये ‘हौदु’, म्हणजे ‘होय, खरे आहे’, असे केले, आणि अहवालात उतरले : मुलास पूर्ण समज आहे.

गुरुवारी आदेश झाला : खटला प्रौढासारखा चालवावा. बाहेर बाकावर मी विचारले, “साहेब काय म्हणाले, कळलं काय रं?”

“व्हय.”

“काय म्हणाले?”

“आता घरला जायाचं न्हवं?”

आक्का माझ्यावर उसळली, “लई कायदा शिकलास! हिरीत उडी मार म्हटलं तरी व्हयच म्हणंल त्यो. तूच पढवलास, आता तूच सांग त्येला.”

पोलीस त्याला घेऊन गेले.

अपील दाखल झाले आहे. ते वकील लढवतील. माझा प्रश्न त्या तज्ज्ञांना आहे. खासगी खुलासा मला नको. मुलाची ओळख न उघडता, वर्तमानपत्रातून, आपल्या सहीनिशी उत्तर द्या : झाल्या प्रकारातली एक तरी गोष्ट आपण त्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावलीत काय?