क्लचच्या डबीतलं खोबरेल

मंडळी, आज कणकवलीच्या गॅरेजात क्लच ऑइल भरून घेताना अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साठच्या दशकातली मोटार आठवली.

मिठबावात थंडीच्या सकाळी तिचा क्लच दाबलाच जात नसे. ऊन चढलं की सुरळीत. अण्णांना संशय ड्रायव्हरचा. "सकाळी उठाक नको म्हणान नाटकां करता."

शेवटी वैतागून ड्रायव्हरने क्लच ऑइलची डबी उघडून दाखवली. आत खोबरेल गोठून पांढरं झालं होतं.

"तेल कमी दिसला म्हणान मियां घातलंय," आई शांतपणे म्हणाली. "घरचाच आसा."

अण्णा तिच्याकडे वळले. "ब्रेकातय घातलंस?"

आई तडक आत गेली.

आज निघण्याआधी मी क्लचची आणि ब्रेकची, दोन्ही डब्या हुंगल्या. तुमच्या गाडीत घरच्यांनी काय ओतलंय, बघितलंय कधी?